उन्हात दिसलेले फेरे

आमच्या घरात शिरलं की आधी स्पिरिटचा वास यायचा, मग चपडी लाखेचा, आणि थेट चुलीपर्यंत पोचलात तर जवसाच्या चटणीचा. पाहुण्या बायका नाकाला पदर लावायच्या. आम्हाला मात्र तो वास जाणवायचाच नाही. उलट दुसऱ्याच्या घरी गेलं की इथं काहीतरी कमी आहे असं वाटत राहायचं. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, हिंगोलीत लाकडाला पॉलिश करायचे. त्यांच्या आज्यानं हे काम छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या टेबलांवर हात फिरवता फिरवता उचललं होतं. साहेब गेले, बंगल्यांत निजामाचे अंमलदार राहायला आले, पण टेबल-खुर्च्या त्याच राहिल्या आणि त्यांना पॉलिश करणारं घरही आमचंच राहिलं. घरामागं पत्र्याची शेड होती. तिला दोन बाजूंनी बांबूचे तट्टे ठोकलेले, कारण ओल्या पॉलिशवर धूळ बसली की मेहनत वाया. त्यामुळं आत भर दुपारीही अंधूक असायचं. त्या अंधारात नानांचा हात फिरत असायचा आणि फडक्याचा सूं सूं असा एकसारखा आवाज दिवसभर माजघरात ऐकू यायचा. तो थांबला की माय म्हणायची, जेवायला वाढ, नाना आले.

नानांचा हात गोल फिरायचा. लहान लहान फेरे, एकात एक अडकलेले, कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाकडाला हेच लागतं. फेऱ्यांनी लाख लाकडात जिरते, आणि शेवटच्या हाताला फेरे आपोआप विरून जातात. नानांना या फेऱ्यांचा फार अभिमान होता. गिऱ्हाईक समोर असलं की ते मुद्दाम सावकाश फिरवून दाखवायचे. देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा एवढ्या भक्तीनं आरती ओवाळताना मी पाहिलेलं नाही.

त्यांच्या हाताखाली सोमला होता. हाताखाली म्हणते खरी, पण तो नानांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठाच असेल. साखरा गावाच्या बाजूला लमाणांचा एक तांडा होता, तिथला. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. रेल्वे आली, ते बंद पडलं. सोमला रावसाहेबांचं एक रान बटईनं करायचा आणि पेरण्या-काढण्या सोडून उरलेले दिवस आमच्याकडं कामाला यायचा. रावसाहेब म्हणजे त्या भागातले बडे जमीनदार. त्यांचं नाव लिहीत नाही, घराण्यातली माणसं अजून आहेत. सोमलाचा हात मात्र गोल फिरत नसे. जन्मभर बैलांचं अंग चोळलेला माणूस, केसांच्या दिशेनं वरून खाली, सरळ. नाना त्याला दहा वेळा सांगायचे, गोल फिरव रे. तो चार फेरे गोल फिरवायचा आणि परत सरळ. नाना वैतागायचे, मग हसायचे. दुपारी दोघं शेडमध्येच जेवायचे, नानांना ताटात आणि सोमलाला पळसाच्या पानावर. सोमलाची चहाची कपबशी गोठ्यातल्या खुंटीला वेगळी टांगलेली असायची. ती विसळून परत टांगण्याचं काम माझं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा आमच्या घरात कोणालाही वाटलं नाही. मलाही नाही.

माझं आणखी एक काम होतं, फडकी धुण्याचं. पॉलिशला जुन्या धोतराचं फडकं लागतं, वीस वेळा धुतलेलं, लोण्यासारखं मऊ. ते रिठ्याच्या पाण्यात उकळायचं, धुवायचं आणि परसातल्या दोरीवर वाळवायचं. फडकं जमिनीला लागता कामा नये, हा घरातला एकमेव असा नियम, ज्याच्यासाठी नानांनी मला एकदा मारलं होतं.

त्या वर्षी, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचीच गोष्ट, रावसाहेबांनी हैदराबादहून मोटार आणली. काळीभोर, नवीकोरी. आमच्या भागात अशी मोटार कोणाकडं नव्हती. पण कच्च्या रस्त्यांनी एका पावसाळ्यात तिची कळा गेली. दसऱ्याला परभणीहून तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, हिंगोलीच्या शिलंगणाला येणार होते आणि रावसाहेबांना त्यांना याच मोटारीतून न्यायचं होतं. नानांनी आयुष्यात मोटारीला हात लावला नव्हता. तरी त्यांनी हो म्हटलं. त्यामागचं कारण मी होते. रावसाहेबांचे कारभारी पुसेगावचे, आमच्याच जातीतले. त्यांच्या मुलासाठी माझं बोलणं चाललं होतं. दसरा झाला की सुपारी फोडायची असं ठरत आलं होतं. मी तेरा वर्षांची होते. नाना मायला म्हणाले, ‘रावसायबाचं काम चांगलं झालं, की कारभारी न्हाई म्हनायचा न्हाई.’ रावसाहेबांच्या कानावर आमचं नाव चांगलं पडलं की माझं लग्न जमलं, असा तो हिशेब होता.

मोटार नवरात्रातल्या सहाव्या दिवशी आली. तट्टे काढून तिला शेडमध्ये ढकलली आणि परत तट्टे लावले. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत ती परत जायला हवी होती, कारण नवमीला, खंडेनवमीला, अवजारांची पूजा. त्या दिवशी आमच्या घरात कुठल्याही अवजाराला, फडक्यालासुद्धा, कामासाठी हात लावत नसत. नानांनी मेण, गोडं तेल आणि टर्पेंटाइन एकत्र करून लेप तयार केला. उजवी बाजू आणि इंजिनावरचं झाकण नानांनी घेतलं, डावी बाजू सोमलाला दिली.

सप्तमीला दुपारी मायनं मला फडक्यांचं बोचकं दिलं. पंचवीस-तीस तरी असतील. ते भुलाबाईचे दिवस होते. संध्याकाळी आम्ही मुली घरोघर फिरून भुलाबाईची गाणी म्हणायचो आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते ओळखायचो. लग्न झालं की हे सुटणार, म्हणून त्या वर्षी मला एकही संध्याकाळ चुकवायची नव्हती. परसातल्या दोरीवर फडकी वाळायला दिवे लागेपर्यंत वेळ लागला असता आणि घड्या घातल्याशिवाय मायनं मला सोडलं नसतं. कयाधूची रेती मात्र अश्विनातल्या उन्हानं तापलेली होती. सगळ्या बायका तिथंच लुगडी वाळवायच्या. मी फडकी नदीवर धुतली, रेतीवर पसरली, मैत्रिणीबरोबर गुडघाभर पाण्यात बसून गप्पा मारल्या आणि तासाभरात वाळलेली फडकी झटकून, घड्या घालून घरी आणली. माय म्हणाली, आज बरी लवकर आटपलीस. त्या संध्याकाळी डब्यात करंज्या होत्या आणि त्या मीच ओळखल्या.

अष्टमीचा सबंध दिवस सूं सूं आवाज चालू होता. मावळतीला मोटार बाहेर काढली तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं तिच्यात तोंड पाहायला जमली. मायनं तिला हळदकुंकू लावलं. सोमला फेट्याच्या टोकानं कपाळ पुसत बाजूला उभा होता. नाना खूश होते, पण नेहमीसारखे बोलत नव्हते. दमले असतील असं मला वाटलं.

नवमीला सकाळी नानांनी पाटावर अवजारं मांडली. पटाशी, ब्रश, लाखेची बरणी, आणि एका बाजूला कालच्या फडक्यांची चवड. फुलं वाहायचं काम माझ्याकडं. चवडीवर झेंडू ठेवताना वरच्या फडक्याला बोट लागलं आणि कचकच जाणवली. मी घडी किंचित उचलून पाहिली. मेणाच्या थरात रेतीचे कण अडकले होते, उजेडात चमकत होते. धुतलेल्या फडक्यातही मेणाचा अंश राहतोच, आणि तो रेती सोडत नाही, झटकून जात नाही. हे मला त्या क्षणी कळलं. मी घडी परत होती तशी केली, वर आणखी दोन फुलं ठेवली आणि हात जोडले. आज अवजाराला हात लावायचा नाही, आज बोलून काय उपयोग, उद्या सांगू, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. मोटार रात्रभर रावसाहेबांच्या हिंगोलीतल्या बंगल्याच्या आवारात उभी होती, हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी सांगितलं असतं तर निदान नानांनी जाऊन ती उन्हात पाहिली असती. मी सांगितलं नाही. त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक होता आणि मी चार पोळ्या खाल्ल्या, हेही आठवतं.

दसऱ्याला दुपारी मोटार धुळीतून मैदानावर गेली. शिलंगणाच्या आधी ड्रायव्हरनं धूळ पुसली, तिच्याबरोबर वरचं मेणही गेलं. उतरतं ऊन मोटारीवर आडवं पडलं. मी बायकांच्या घोळक्यात होते, मला लांबून नुसती काळी मोटार दिसली. पुढचं गावानं आम्हाला रात्री न बोलावता येऊन सांगितलं. तालुकदारसाहेब मोटारीत बसायला आले, झाकणावरून बोट फिरवलं आणि हसून विचारलं, ‘रावसाहेब, ये गाडी है या राख से मांजी हुई पतेली?’ शंभर माणसं हसली. रावसाहेबही हसले म्हणे, त्यांना हसावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत असताना मोटार दारात येऊन उभी राहिली. रावसाहेब स्वतः आले होते, आणि त्यांच्यामागं कारभारी. मला आत ढकलून मायनं दार लोटलं. मी फटीला डोळा लावला. तक्रार आली की नानांची एक ठरलेली रीत होती. ते वाद घालत नसत. आधी पाणी द्यायचे, बसवायचे, मग म्हणायचे, बोट ठेवून दाखवा, आणि गिऱ्हाईकानं बोट ठेवलं की बघायचे, कबूल करायचे आणि परत करून द्यायचे. या रीतीनं त्यांनी फौजदाराचं पांढरं पडलेलं टेबल आणि वकिलाचं चिकट राहिलेलं कपाट निभावलं होतं. त्या दिवशी पाण्याचा तांब्या तसाच राहिला. रावसाहेब बसले नाहीत. त्यांनी आवाजही चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, गाडी उन्हात घ्या.

ड्रायव्हरनं मोटार चार हात पुढं घेतली आणि ऊन तिच्यावर पडलं. दाराच्या फटीतूनसुद्धा दिसलं. सबंध झाकणावर, उजव्या दारावर, चाकांवरच्या पत्र्यावर बारीक बारीक फेरे, एकात एक अडकलेले, हजारो. मान हलवावी तसे ते सरकत होते. कपाटावर विरून जाणारे नानांचे फेरे रेतीनं त्या काळ्या रंगावर कायमचे कोरले गेले होते. नानांनी बोटाला तेल लावून एका जागी फिरवलं, तेवढ्यापुरते ते बुजले. धोतराच्या सोग्यानं पुसलं, ते परत आले. मग नाना सावकाश डाव्या बाजूला गेले. तिथं फेरे नव्हते. वरून खाली दोन-चार फिक्या रेघा होत्या, त्या शोधाव्या लागत होत्या. नाना तिथं जरा जास्तच वेळ उभे राहिले.

सोमला तेवढ्यात कामाला आला होता. हातात भाकरीचं फडकं, गल्लीच्या कडेला उभा.

नाना म्हणाले, दोन दिवस द्या, काढून देतो. रावसाहेब म्हणाले, ‘काढशील ते काढशील. हात कोनाचा, ते सांग.’

नानांनी रावसाहेबांकडं पाहिलं, मग कारभाऱ्यांकडं. कारभारी त्यांच्याकडं बघत नव्हते. ते आमच्या घराकडं, भिंतीकडं, दाराकडं बघत होते, सून आणायच्या घराकडं बघतात तसं. दार उघडून बाहेर यावं आणि रेतीचं सांगावं असं मनात आलं, आणि मायचा हात खांद्यावर नसतानाही मी जागची हलले नाही.

‘सोमल्याचा,’ नाना म्हणाले. ‘त्याला जमत न्हाई अजून. माझं ध्यान न्हवतं.’

रावसाहेबांनी सोमलाकडं वळून विचारलं, ‘व्हय का रे?’

सोमलानं नानांकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. नाना चुकून असं बोलले की समजून उमजून, एवढंच तो बघत असावा. नानांनी मान खाली घातली. मग सोमला म्हणाला, ‘व्हय सरकार. हात जड हाय माजा. बैलं चोळनारा हात.’

रावसाहेबांनी मान हलवली, ह्या माणसाचा हात आता मोटारीला लागू देऊ नको म्हणाले आणि मोटार तिथंच ठेवून पायीच बंगल्याकडं निघाले. कारभारी जाताना नानांना हळूच म्हणाले, पौर्णिमेनंतर येतो, सुपारीचं बघू. तक्रार मिटली होती.

पुढचे तीन दिवस नाना एकटेच शेडमध्ये होते. त्यांनी फडकी स्वतः धुतली, स्वतः दोरीवर घातली आणि मला काही विचारलं नाही. आवाज बदलला होता. सूं सूं नव्हता, एक लांब, सरळ, थांबून थांबून येणारा आवाज होता. मी तट्ट्याआडून पाहिलं. नानांचा हात सोमलासारखा सरळ फिरत होता, वरून खाली. फेरे बरेच कमी झाले, सगळे गेले नाहीत. रावसाहेबांनी परत कुरकुर केली नाही. चूक कोणाची ते त्यांना कळलं होतं ना.

सोमला त्या दिवसापासून आला नाही. दिवाळीच्या आधी बातमी आली की रावसाहेबांनी त्याचं रान काढून घेतलं. ज्यानं चारचौघांत हसं केलं त्याच्या हातात जमीन कशाला, असं म्हणाले म्हणे. ज्वारी कणसाला आली होती. मायनं नानांना सांगितलं, जाऊन खरं बोला, अजून वेळ हाय. नाना माझं नाव घेऊन म्हणाले, ‘कौसाचं लगीन होऊ दे आधी.’ माय म्हणाली, तवर त्यानं काय खायाचं? घास तसाच पानात ठेवून नाना उठले. आमच्या घरात जेवण टाकून उठायची पद्धत नव्हती.

मग एका सकाळी सोमला आला. सगळं बिऱ्हाडबाजलं गाडीवर चढवून वाशीमकडं चालला होता, तिकडच्या जिनिंगात काम मिळेल म्हणून. गाडी नाक्यावर उभी करून तो परसदारी आला. नाना शेडमध्ये होते. फडक्याचा आवाज थांबला, पण नाना बाहेर आले नाहीत. मी दोरीवर फडकी घालत होते. सोमलानं गोठ्यात जाऊन खुंटीवरची आपली कपबशी काढून घेतली आणि फेट्याच्या टोकात बांधली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘कौसाबाई, फडकी अशीच दोरीवर वाळवत जा. रेतीत नको.’

मी हातातलं फडकं दोरीवर तसंच सोडलं. मी विचारलं, ‘तुला ठावं होतं?’

‘पयल्याच हाताला कळलं. बोटाला लागते नं रेती. म्या माजं फडकं टाकलं अन् फेट्याचं टोक घेतलं.’

‘मग तवाच काहून न्हाई सांगितलं?’

त्यानं शेडकडं एकदा पाहिलं. ‘सांगितलं होतं, अष्टमीलाच. मालक म्हनले, आता फडकी उकळून वाळवंस्तोर सांज होईल, उद्या नवमी, हात लावता येनार न्हाई. चालू दे तसंच.’ आणि निघता निघता म्हणाला, ‘तुजं लगीन हाय नं. चांगलं होऊ दे.’

तो गेला. शेडमधला आवाज बराच वेळ सुरू झाला नाही. तोवर मी समजत होते की या पापाची धनी मी एकटी, आणि आज म्हातारपणी कबूल करते, त्या समजुतीत एक ऐटही होती. सोमलाच्या त्या चार वाक्यांनी ती गेली. नानांना माझी रेती ठाऊक होती, मला नानांचे फेरे ठाऊक होते, आणि दोघांचं मिळून जे झालं ते सोमला आपल्या गाडीवर घालून घेऊन गेला. नाना आणि मी यावर आयुष्यात एक शब्द बोललो नाही. ते वारले तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन बसले होते, तेव्हाही नाही.

माझं लग्न त्याच माघात झालं. मांडव चांगला सजला, रावसाहेब त्याच मोटारीतून आले. पुसेगावात सासरी पहिल्यांदा चुलीपुढं बसले तेव्हा सासूबाईंनी नव्या ज्वारीचं पीठ परातीत घातलं. पीठ पांढरंशुभ्र होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कुठल्या रानाची ज्वारी. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, ‘सोमल्याच्या रानाची. रावसायबानं औंदा तुज्या मामंजीकडं दिलं नं ते. लई गोड असती.’

मी पिठात पाणी घातलं आणि मळायला घेतलं. भाकरी टम्म फुगली. नव्या सुनेच्या हाताची म्हणून सगळ्यांनी वाखाणली. शेवटी माझं पान वाढलं. मीही खाल्ली, आणि त्या रानाची ज्वारी पुढं जन्मभर खात आले.